नव्वद दिवस मातीत: पालापाचोळ्याच्या विघटनाच्या जागतिक अभ्यासात पुण्यातून सहभागी कसे व्हावे

पुण्यातल्या सागाचे पान आणि फिनलंडमधल्या पाइनची सुई यांच्या कुजण्याच्या वेगाची तुलना करायची झाली, तर पहिली अडचण हवामानाची नसून पानाचीच असते. सागाचे पान पाइनपेक्षा लवकर कुजले, तर ते इथल्या उष्णतेमुळे, पावसामुळे, जमिनीतल्या जिवाणूंमुळे की पानाच्या जातीमुळे, हे सांगता येत नाही. एकोणीसशे पन्नाशीच्या दशकापासून शास्त्रज्ञ जाळीच्या पिशव्यांत पाने भरून जमिनीवर ठेवतात, ठरावीक काळाने काढतात आणि उरलेले वजन मोजतात. परंतु प्रत्येकाची पाने वेगळी, जाळी वेगळी आणि मुदतही वेगळी असल्यामुळे या मोजण्यांचे ढीग एकमेकांशेजारी ठेवता येत नव्हते. कॅनडाने १९९२ मध्ये आणि अमेरिकेने त्याच्या थोडे आधी, अनेक ठिकाणी एकच प्रकारची पाने ठेवून दहा-बारा वर्षांचे प्रयोग केले, तेव्हा ही अडचण काही अंशी सुटली. पण एकाच झाडाची पाने गोळा करून, वाळवून, पिशव्यांत भरून जगभर पाठवायची म्हणजे मोठा खर्च आणि मोठी यंत्रणा लागते.

२०१३ मध्ये युस्ट कोयस्कॅम्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर एक साधा उपाय प्रसिद्ध केला. कारखान्यात तयार होणारी टी बॅग हीच मुळात एकसारख्या वजनाची, एकसारख्या जाळीची आणि एकसारख्या पानांची पिशवी असते. मग तीच जमिनीत पुरावी. त्यांनी लिप्टनचे दोन चहा निवडले: ग्रीन टी आणि रॉयबॉस. ग्रीन टी मऊ, नायट्रोजनयुक्त आणि चटकन कुजणारा आहे, तर दक्षिण आफ्रिकेतल्या एका झुडपापासून मिळणारा रॉयबॉस काष्ठमय आणि चिवट आहे. ग्रीन टीमध्ये कार्बनचे नायट्रोजनशी प्रमाण सुमारे १२ असते, रॉयबॉसमध्ये सुमारे ४३. याच पद्धतीवर पुढे ‘टी-कम्पोझिशन’ हा आंतरराष्ट्रीय उपक्रम उभा राहिला. इका जुकिच यांच्या पुढाकाराने २०१६ मध्ये त्याच्या पिशव्या पुरल्या गेल्या आणि २०१८ मध्ये ३३६ ठिकाणांच्या पहिल्या तीन महिन्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पाणथळ जागांसाठीही त्याची एक शाखा निघाली.

हा लेख महाविद्यालयाचा वनस्पतिशास्त्र विभाग, टेकडीवर काम करणारा नागरिकांचा गट किंवा एखादी उत्साही शाळा यांच्यासाठी आहे. अशा अभ्यासात पुण्यातून भाग घ्यायचा, तर कोणत्या क्रमाने काय करावे आणि कुठे चुका होतात, हे त्यात सांगितले आहे. काम अवघड नाही. अवघड आहे ते इतर सर्वांनी जसे केले तसेच करणे. आपल्याला सुचलेली सुधारणा गिळून टाकणे हे या कामातले सर्वांत मोठे कौशल्य आहे, असे माझे मत झाले आहे.

पुण्याच्या आकड्यांची गरज कुणाला आहे?

सहभागाचे पत्र लिहिण्याआधी या प्रश्नाचे उत्तर स्वतःला स्पष्ट असावे, कारण समन्वयक तेच विचारतात. २०१८ च्या अभ्यासातल्या ठिकाणांचे वार्षिक सरासरी तापमान उणे ९ ते २६ अंश सेल्सिअस होते आणि वार्षिक पाऊस ६० ते ३११३ मिलिमीटर. जगाच्या पातळीवर पाहता, पहिल्या तीन महिन्यांतल्या विघटनातला सुमारे ६५ टक्के फरक चहाच्या प्रकारामुळे, म्हणजे पानाच्या गुणधर्मामुळे, पडला होता. सुटी सुटी ठिकाणे पाहिली तर हवामानाने ग्रीन टीच्या बाबतीत अर्धा टक्काही फरक समजावून दिला नाही आणि रॉयबॉसच्या बाबतीत पाच टक्के. तीच ठिकाणे जीवसंहतींच्या, म्हणजे सारखे हवामान आणि सारखी वनस्पती असलेल्या मोठ्या प्रदेशांच्या, गटांत एकत्र करून पाहिल्यावर मात्र हवामानाचा वाटा अनुक्रमे ६४ आणि ७२ टक्के निघाला. सारांश असा की, एका टेकडीवर काय होईल हे केवळ त्या प्रदेशाच्या हवामानावरून सांगता येत नाही. ते तिथे जाऊन मोजावेच लागते.

पुण्याच्या आसपास हे मोजण्याची सोय विलक्षण आहे. ताम्हिणीच्या घाटमाथ्यावर वर्षाचा पाऊस त्या अभ्यासाच्या ३११३ मिलिमीटरच्या वरच्या टोकाच्याही बराच पुढे जातो; तिथून पन्नास-साठ किलोमीटर पूर्वेला पुणे शहरात तो साधारण ७०० ते ७५० मिलिमीटर असतो आणि आणखी पूर्वेला सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्याच्या गवताळ माळावर त्याहूनही कमी. खडक सगळीकडे दख्खनचा बेसाल्टच, तापमानातला फरक मर्यादित आणि पाऊस मात्र कित्येक पटींनी घटत जाणारा, अशी नैसर्गिक प्रयोगशाळा एका दिवसाच्या जीपप्रवासात उपलब्ध असणे हे थोड्यांच्या नशिबी असते. शिवाय आपल्याकडे पाऊस चार महिन्यांत कोसळतो आणि उरलेले आठ महिने माती बहुतांशी कोरडी असते. असे ओल्या-कोरड्या ऋतूंचे प्रदेश वार्षिक सरासरीच्या आकड्यात दिसतच नाहीत.

हे सर्व एका परिच्छेदात लिहून, जागेचे अक्षांश-रेखांश आणि संस्थेचे नाव जोडून समन्वयकांना पाठवावे. पत्र लहान असावे.

जागा आणि परवानगी

जागा निवडताना ‘सुंदर’ जागेचा मोह टाळावा. आपल्याला हवी ती अशी जागा, जिथली जमीन, उतार आणि झाडी निदान वीस-तीस मीटरपर्यंत सारखी आहे, जिथे पुढची तीन वर्षे कुणी खड्डे खणणार नाही आणि जिथे वर्षातून निदान चार वेळा जाणे शक्य आहे. वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, तळजाई किंवा पर्वती-पाचगाव या परिसरात अशा जागा सापडतात, पण त्या बहुतांशी वन विभागाच्या किंवा महापालिकेच्या ताब्यात आहेत. वनजमिनीवर काम करायचे असेल, तर पुणे वन विभागाच्या उपवनसंरक्षकांकडे लेखी अर्ज करावा. त्यात खड्ड्यांची खोली जास्तीत जास्त आठ सेंटिमीटर आहे, एकही झाड तोडले जाणार नाही आणि सर्व पिशव्या परत काढल्या जातील, ही तीन वाक्ये ठळकपणे लिहावीत. महापालिकेच्या जागेसाठी उद्यान विभागाकडे जावे लागते. अभयारण्यात काम करायचे असेल, तर परवानगीला लागणारा वेळ आधीच धरून चालावे. ज्यांना पहिल्याच वर्षी काम सुरू करायचे आहे, त्यांनी आपल्याच महाविद्यालयाच्या आवारातला जुना, न झाडला जाणारा कोपरा घ्यावा. ‘न झाडला जाणारा’ हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. पुण्यातल्या बहुतेक आवारांत पाला रोज सकाळी झाडून, कधी जाळून, नाहीसा केला जातो आणि अशा जमिनीतल्या विघटनाचा आकडा हा झाडूचाही आकडा असतो.

जागेचे वर्गीकरण लिहिताना प्रामाणिक राहावे. नकाशावर पुण्याच्या टेकड्या ‘उष्णकटिबंधीय शुष्क पानगळी वन’ या रंगात दिसतात, पण प्रत्यक्षात कित्येक टेकड्यांवर आज ग्लिरिसिडियाची लागवड आहे, जी मूळची मध्य अमेरिकेकडची आहे आणि जिची नायट्रोजनयुक्त पाने भराभर कुजतात. तुमचा भूखंड ग्लिरिसिडियाखाली असेल, तर जमीनवापराच्या रकान्यात ‘लागवड’ असे लिहून झाडाचे शास्त्रीय नाव द्यावे. ‘जंगल’ लिहिण्याचा मोह आवरावा. शक्य असल्यास एक भूखंड ग्लिरिसिडियाखाली आणि दुसरा जवळच्याच उघड्या गवताळ उतारावर घ्यावा. मला स्वतःला ही जोडी साऱ्या कामातली सर्वांत रंजक वाटते.

पिशव्या मिळवणे आणि तोलणे

पिशव्या शक्यतो उपक्रमाच्या समन्वयकांकडूनच घ्याव्यात. रॉयबॉस आपल्याकडे सहज मिळत नाही आणि मिळाला तरी तो त्याच कंपनीचा, त्याच जाळीचा असेलच असे नाही. मूळ पद्धतीतली जाळी पाव मिलिमीटर छिद्रांची, विणलेल्या नायलॉनची होती. नंतर कंपनीने कापड बदलले आणि संशोधकांना दोन्ही कापडांची तुलना करावी लागली. म्हणून खोक्यावरचा बारकोड आणि बॅच क्रमांक वहीत उतरवून घ्यावा. दर वर्षी एखादा विद्यार्थी विचारतोच, ‘सर, आपला नेहमीचा चहा का नाही चालणार?’ याचे उत्तर असे की, आपल्या नेहमीच्या चहाची पाने यंत्रात चिरडून आंबवलेली असतात; त्यांचे रसायन ग्रीन टीहून वेगळे असते आणि त्यातली बारीक भुकटी कुजण्याआधीच जाळीतून सांडते.

आता वजन. पुण्यात या टप्प्यावर एक खास अडचण येते, जी युरोपात लिहिलेल्या सूचनांमध्ये पुरेशी जाणवत नाही. जूनच्या दमट हवेत उघड्या ठेवलेल्या टी बॅगा पाणी शोषतात आणि सकाळी तोललेली पिशवी संध्याकाळी जड भरते. त्यामुळे पुरण्याआधी सर्व पिशव्या हॉट एअर ओव्हनमध्ये ७० अंश सेल्सिअसला ४८ तास वाळवाव्यात, सिलिका जेल असलेल्या डेसिकेटरमध्ये, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या झाकणबंद भांड्यात, थंड होऊ द्याव्यात आणि एकेक काढून लगेच तोलाव्यात. तापमान ७० च्या वर नेऊ नये, कारण जास्त उष्णतेने पानांचे रसायनच बदलते. घरगुती ओव्हनचा काटा बहुधा विश्वासार्ह नसतो. तो वापरावाच लागला, तर आत स्वतंत्र तापमापक ठेवावा. ४८ तासांत वीज गेली, तर तेवढा वेळ पुढे वाढवावा आणि तसे वहीत लिहावे.

पिशवीत चहा जेमतेम दोन ग्रॅमच्या आसपास असतो. म्हणून ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा सराफी काटा ही किमान गरज आहे आणि ०.००१ ग्रॅमचा प्रयोगशाळेतला काटा अधिक बरा. तोलताना पंखा चालू नसावा, आणि दर वीस पिशव्यांनंतर एक प्रमाणित वजन ठेवून काटा सरकला नाही ना, हे पाहावे. प्रत्येक प्रकारच्या दहा पिशव्या फोडून त्यांचे रिकामे कापड, दोरा आणि लेबल यांचे सरासरी वजन काढून ठेवावे. पुढे प्रत्येक वजनातून ते वजा करायचे आहे. पिशव्यांचा दोरा आणि लेबल पुरताना काढून टाकणार असाल, तर वजाबाकीही तशीच बदलावी. अनेक तक्त्यांत नेमकी हीच चूक सापडते.

क्रमांकांबद्दल मी अनुभवाचे बोलतो. आमच्या पहिल्या वर्षी आम्ही कागदी लेबलांवर पेनाने क्रमांक घातले होते. सप्टेंबरात आठ पिशव्या अशा निघाल्या की, त्या कोणत्या, हे सांगणारे काहीही उरले नव्हते. काही लेबले वाळवीने खाल्ली होती आणि काहींची शाई उतरली होती. आठही टाकाव्या लागल्या. त्यानंतर आम्ही अॅल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या कापतो, त्यांवर रिकाम्या बॉलपेनने दाबून क्रमांक कोरतो आणि त्या पिशवीला न बांधता, तिच्या दोऱ्याला आणि शेजारच्या खुंटीला बांधतो. शिवाय भूखंडाचा हाताने काढलेला नकाशा दोन प्रतींत ठेवतो.

कधी पुरायचे: सर्वांत महत्त्वाचा निर्णय

२०१६ च्या जागतिक प्रयोगात उत्तर गोलार्धातल्या सहभागींनी जून ते ऑगस्ट या काळात सुरुवात करावी, असे ठरले होते, कारण तो उत्तर गोलार्धाचा उन्हाळा. पुण्यात हाच काळ पावसाळा असतो. सूचनेत ‘उन्हाळा’ आहे म्हणून एप्रिलमध्ये पिशव्या पुरल्या, तर शब्द पाळला जाईल आणि तुलना बिघडेल. जूनमध्ये पुरल्या तर तारीख पाळली जाईल, पण जे मोजले जाईल ते वर्षातल्या सर्वांत सक्रिय नव्वद दिवसांचे विघटन असेल. दोन्हींपैकी काय मोजायचे, हे आधी समन्वयकांशी बोलून ठरवावे आणि तक्त्यात हंगाम स्वतंत्रपणे लिहावा.

माझा सल्ला असा आहे: दीर्घकालीन प्रयोग असेल, म्हणजे पिशव्या ३, १२, २४ आणि ३६ महिन्यांनी काढायच्या असतील, तर सर्व पिशव्या १५ जूनच्या सुमारास एकाच दिवशी पुराव्यात. केवळ नव्वद दिवसांचा प्रयोग असेल, तर तो वर्षातून दोनदा करावा, एकदा १५ जूनला आणि एकदा १ फेब्रुवारीला. पहिल्याची मुदत १३ सप्टेंबरला संपते, दुसऱ्याची मेच्या सुरुवातीला. तारीख आधी ठरवून पाळावी. ‘पहिला चांगला पाऊस पडल्यावर’ असे ठरवले, तर दर वर्षीची सुरुवात वेगळी होते आणि पावसाचा परिणाम सुरुवातीच्या तारखेतच मिसळून जातो. पाऊस लांबला, तर लांबला, तोही आकडाच आहे. फक्त पावसाआधी मुरूम इतका कडक असतो की, खुरप्याने काम भागत नाही, त्यामुळे छोटी पहार सोबत असावी.

सप्टेंबरची काढणी ठरवताना पंचांग उघडावे. नव्वदावा दिवस अनंत चतुर्दशीला आला, तर लक्ष्मी रस्त्याच्या आसपास राहणारा एकही विद्यार्थी टेकडीवर पोहोचत नाही. ८८ किंवा ९३ दिवस झाले तरी चालते, कारण सूत्रात प्रत्यक्ष दिवसांची संख्या घालायची असते. ती मात्र खरी असावी.

पुरणे आणि राखण

खोलीच्या बाबतीत दोन परंपरा आहेत. मूळ टी बॅग पद्धतीत पिशवी आठ सेंटिमीटर खोल पुरतात, तर टी-कम्पोझिशनमध्ये जमिनीच्या वरच्या पाच सेंटिमीटरमध्ये ठेवतात. तुम्ही ज्या उपक्रमात आहात त्याचीच खोली वापरावी. आपली माती उथळ आहे म्हणून सहा सेंटिमीटरचा मध्यममार्ग काढला, तर तो आकडा दोन्हींकडे निरुपयोगी ठरतो. प्रत्येक पिशवीसाठी वेगळा खड्डा करावा, पिशव्यांमध्ये हातभर नाही तरी वीतभर अंतर ठेवावे, निघालेलीच माती परत टाकावी आणि हाताने हलके दाबावी. पायाने तुडवू नये. प्रत्येक वेळच्या काढणीसाठी प्रत्येक चहाच्या निदान चार पिशव्या, दोन वेगळ्या चौकोनांत विभागून, असाव्यात. पुण्यातल्या नुकसानीचा अनुभव पाहता मी सहा पुरतो.

कारण राखण हा इथला खरा प्रश्न आहे. मोर माती उकरतात, कुत्री वास घेतात, सकाळी फिरायला येणारे सद्भावनेने दोरे उपटून ‘कचरा’ गोळा करतात. आम्ही एकदा खुणेसाठी लाल कापडाच्या झेंड्या लावल्या, तर दोन महिन्यांनी त्यांतल्या एकीपाशी शेंदूर लावलेला दगड आणि उदबत्त्या सापडल्या. तो भूखंड आम्ही सोडून दिला. आता आम्ही मातीच्या रंगाच्या बांबूच्या खुंट्या जमिनीलगत ठोकतो आणि जीपीएसबरोबरच दोन ठळक झाडांपासूनचे अंतर टेपने मोजून ठेवतो, कारण मोबाइलचे जीपीएस झाडीखाली पाच-दहा मीटर चुकते आणि पिशवी सहा सेंटिमीटरची असते. फेब्रुवारीत पुरलेल्या भूखंडाला वणव्याचा धोका असतो. वणवा लागला तर पिशव्या काढू नयेत. तारीख लिहून, छायाचित्र घेऊन, मुदत पूर्ण होऊ द्यावी.

पिशव्या जमिनीत असताना सोबतच्या नोंदी घ्याव्यात. पावसाचे आकडे भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या शिवाजीनगर, पाषाण किंवा लोहगाव यांपैकी जवळच्या केंद्राचे घ्यावेत. शहराच्या दोन टोकांना एकाच दिवशी पडणारा पाऊस वेगळा असतो, हे पुणेकराला सांगायला नको. मातीचे तापमान नोंदवणारे बटणाएवढे उपकरण पिशवीच्याच खोलीवर पुरता आले, तर फार उपयोग होतो. मातीचा सामू, पोत आणि सेंद्रिय कर्ब यांची तपासणी एकदा करून घ्यावी.

काढणी आणि हिशेब

पिशवी दोऱ्याने ओढू नये, ती फाटते. बाजूने खुरप्याने माती सैल करून ती हाताने उचलावी आणि क्रमांक लिहिलेल्या कागदी पाकिटात ठेवावी. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली, तर प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत विघटन चालूच राहते. त्याच दिवशी ओव्हनमध्ये टाकावी. पिशवी धुऊ नये. पाण्याबरोबर उरलेला चहाही निघून जातो. वाळल्यावर बाहेर चिकटलेली माती मऊ ब्रशने झाडावी, जाळीतून आत शिरलेली मुळे चिमट्याने काढावीत आणि मग तोलावी. भोक पडलेली पिशवी हिशेबातून वगळावी, परंतु तक्त्यातून वगळू नये. किती पिशव्या वाळवीने फोडल्या, हीसुद्धा त्या जागेची माहिती आहे.

काळ्या मातीत आणखी एक पायरी लागते. बारीक चिकणमाती जाळीतून आत जाते आणि चहाचे वजन वाढलेले दिसते. कधी कधी तर रॉयबॉस नव्वद दिवसांत कुजण्याऐवजी ‘वाढला’ असे उत्तर येते. अशा वेळी वाळलेला चहा मफल फर्नेसमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेतल्या विजेच्या भट्टीत, सुमारे ५५० अंशांना जाळून राख मोजावी, न पुरलेल्या चहाची राखही मोजावी आणि दोन्हींतल्या फरकावरून मातीचा भाग वजा करावा.

आता सूत्र. ग्रीन टीचा किती भाग नाहीसा झाला, यावरून ‘स्थिरीकरण गुणांक’ काढतात, म्हणजे सहज कुजू शकणारा भाग मातीत किती प्रमाणात न कुजता टिकून राहिला. ग्रीन टीमध्ये सहज कुजणारा भाग ०.८४२ आणि रॉयबॉसमध्ये ०.५५२ धरला जातो. उदाहरणासाठी मानलेले आकडे घेऊ. ग्रीन टी १.८० ग्रॅम होता, ०.७२ ग्रॅम उरला, म्हणजे ०.६० भाग गेला. ०.६० भागिले ०.८४२ म्हणजे ०.७१३, ते एकातून वजा केले की स्थिरीकरण गुणांक ०.२८७ मिळतो. दोन्ही चहांसाठी हा गुणांक सारखाच मानतात, म्हणून रॉयबॉसमध्ये प्रत्यक्षात कुजू शकणारा भाग ०.५५२ गुणिले ०.७१३, म्हणजे ०.३९३ ठरतो, आणि न कुजणारा ०.६०७. समजा नव्वद दिवसांनी रॉयबॉसचा ०.७५ भाग उरला. त्यातून न कुजणारा ०.६०७ वजा केला की ०.१४३ राहतो. ०.३९३ ला ०.१४३ ने भागून त्याचा नैसर्गिक लॉगरिदम घेतला की सुमारे १.०१ मिळतो, त्याला ९० दिवसांनी भागले की विघटनाचा वेग दररोज सुमारे ०.०११ येतो.

या हिशेबाची एक कमकुवत बाजू लक्षात ठेवावी. दोन्ही चहांचा गुणांक सारखाच असतो हे गृहीतक आहे आणि त्यावर पुढे संशोधकांनी शंका घेतल्या आहेत. शिवाय पुण्यातल्या पावसाळ्यासारख्या उष्ण आणि ओल्या काळात नव्वद दिवस हा कालावधी वेग मोजायला मोठा ठरू शकतो. रॉयबॉसचा उरलेला भाग न कुजणाऱ्या भागापेक्षाही कमी आला, तर लॉगरिदम निघतच नाही. असे झाल्यास आकडे ओढूनताणून बसवू नयेत. उरलेल्या वजनाची टक्केवारी जशीच्या तशी द्यावी. टी-कम्पोझिशनच्या २०१८ च्या अभ्यासातही मुख्य तुलना उरलेल्या वजनाचीच होती.

ज्यांना स्थानिक पाने जोडायची आहेत, त्यांनी साग, ऐन किंवा ग्लिरिसिडियाची नुकतीच गळलेली पाने डिसेंबर ते मार्च या काळात गोळा करून हवेवर वाळवावीत, एक-दोन मिलिमीटर छिद्रांच्या जाळीत भरावीत आणि चहाच्या शेजारीच ठेवावीत. ही पाने ओव्हनमध्ये वाळवू नयेत; त्यांचा थोडा वेगळा नमुना ओव्हनमध्ये वाळवून त्यावरून कोरडे वजन काढावे.

परदेशी सहकाऱ्यांशी व्यवहार

सुरुवातीलाच चार गोष्टी ईमेलवर लिहून घ्याव्यात: मूळ आकडे कुणाचे राहतील, एका ठिकाणामागे किती लेखकांची नावे शोधनिबंधात येतील, आपल्या ठिकाणाचे निष्कर्ष आपण आधी स्वतंत्रपणे प्रसिद्ध करू शकतो का, आणि आकडे सर्वांसाठी खुले केव्हा होतील. हे विचारणे संकोचाचे नाही. अशा प्रकल्पांत लेखकांची यादीच पानभर असते आणि नियम आधी ठरलेले नसतील, तर शेवटी रुसवेफुगवे होतात. विद्यार्थ्यांची नावे यादीत येणार नसतील, तर ऋणनिर्देशात ती पूर्ण लिहिली जातील, एवढे तरी मागून घ्यावे.

शक्य तितके सर्व काम इथेच करावे आणि पाठवायचे ते आकडेच असावेत. मातीचा किंवा सूक्ष्मजीवांसाठी पिशव्यांचा नमुना परदेशी मागितला गेला, तर थांबावे. जैवविविधता कायदा, २००२ नुसार भारतातील जैविक संसाधने परदेशी व्यक्तींना वा संस्थांना मिळण्यासाठी चेन्नई येथील राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मान्यता लागते. संशोधनाचे निष्कर्ष परदेशी हस्तांतरित करण्याबाबतही त्यात तरतूद आहे आणि केंद्र सरकारच्या मान्यतेने होणाऱ्या सहयोगी प्रकल्पांसाठी वेगळी सवलत आहे. आपला प्रकल्प यांपैकी कुठे बसतो, हे संस्थेच्या संशोधन कक्षाकडून लेखी विचारून घ्यावे. माती स्वीकारणाऱ्या देशाचाही स्वतंत्र परवाना लागतो. बहुतेक वेळा ‘नमुने नको, आकडेच चालतील’ असेच उत्तर येते.

आकड्यांचा तक्ता समन्वयकांच्याच नमुन्यात भरावा. रकान्यांची नावे बदलू नयेत, रिकामा चौकोन शून्याने भरू नये. तारखा वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहाव्यात. आमच्या एका तक्त्यातली ०३-०७ ही तारीख, जी आमच्यासाठी तीन जुलै होती, ती पलीकडे सात मार्च अशी वाचली गेली आणि नव्वद दिवसांऐवजी दोनशेहून अधिक दिवसांचे विघटन निघाले. अक्षांश-रेखांश दशांशात आणि चार दशांश स्थळांपर्यंत द्यावेत.

न सापडलेल्या पिशव्यांची यादी ठेवावी आणि पुढच्या हंगामात त्या पुन्हा शोधाव्यात, कारण कापड कुजत नाही आणि टेकडीवर प्लास्टिक सोडून येण्याची परवानगी आपल्याला मिळालेली नसते. तोललेल्या पिशव्याही लगेच फेकू नयेत. त्या क्रमांकित पाकिटांत, सिलिका जेलसह, घट्ट झाकणाच्या डब्यात निदान शोधनिबंध प्रसिद्ध होईपर्यंत ठेवाव्यात. वर्ष-दीड वर्षाने ‘पिशवी क्रमांक १७ चे वजन पुन्हा एकदा तपासाल का?’ असे पत्र येते, आणि त्या दिवशी तो डबा कपाटातून खाली उतरवावा लागतो.